नावाआधीची अक्षरे

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात दाखल झालेला मराठी अर्ज काढून पाहिला, तर पहिली ओळ साधारण अशी असते : ‘मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे कोर्टात’. हा ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. फारसीतून आलेला हा शब्द कंपनी सरकारच्या अमदानीत गोऱ्या साहेबाला मराठीत पत्र लिहिताना त्याच्या नावाआधी घालत. कलेक्टर मेहेरबान, जज्ज मेहेरबान, रेसिडेंट मेहेरबान. पुढे कंपनी गेली, राणीचे राज्य गेले, कोर्टातले कायदे अनेकदा बदलले. ‘मे.’ मात्र अर्जाच्या डोक्यावर होता तिथेच आहे. बाजारपेठेतल्या बिलांवर दुकानाच्या नावाआधीही ‘मे.’ असतो, पण त्याचे कूळ निराळे. तो मेसर्स, म्हणजे फ्रेंच ‘मस्य’च्या अनेकवचनाचा इंग्रजीमार्गे आलेला संक्षेप. इराण आणि फ्रान्स इथून निघालेले दोन शब्द मराठी कागदावर एकाच अक्षरात येऊन मिळाले आहेत.

अशा अक्षरांकडे लोक शिष्टाचार म्हणून पाहतात आणि पुढे वाचू लागतात. पण नावाआधीच्या प्रत्येक संक्षेपामागे एखादी संस्था उभी असते : विद्यापीठ, न्यायालय, दरबार, नाटक मंडळी, वारकऱ्यांचा फड. माणसाच्या नावाला ही अक्षरे लावण्याचा अधिकार ती संस्था देते. संस्था मोडली किंवा तिचा कायदा रद्द झाला, तरी भाषा ती अक्षरे सहजासहजी सोडत नाही. म्हणूनच ती इतिहासाचे साधन आहेत, आणि त्यांची साधन म्हणून जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली जात नाही.

संक्षेपाची सवय युरोपात लेखनिकांनी लावली. मध्ययुगात ग्रंथ कातड्यावर लिहिले जात. कातडे महाग आणि लिहिणे कष्टाचे, त्यामुळे वारंवार येणारे शब्द आखडून लिहिण्याचे नियम ठरले. एक रीत शब्दाची सुरुवात ठेवून बाकीचे गाळण्याची, दुसरी पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून मधले गाळण्याची. बोलोन्या आणि पॅरिस इथल्या विद्यापीठांनी ‘डॉक्टर’ आणि ‘मॅजिस्टर’ या पदव्या देण्यास सुरुवात केली, तेव्हा लेखनिकांच्या हाती हे नियम तयार होते. डॉक्टरचे डी आणि आर उरले ते दुसऱ्या रीतीने. इंग्लंडमध्ये आजही बरेच जण ही दोन अक्षरे लिहून पुढे टिंब देत नाहीत, कारण शब्दाचे शेवटचे अक्षर तिथे हजर आहे. अमेरिकेत टिंब देतात.

देवनागरीला ही दुसरी रीत मानवत नाही. मराठी संक्षेप जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर थांबतो : डॉ., प्रा., न्या., बॅ., ॲड. मोडी दप्तरांतही नित्याचे शब्द असेच आखडलेले दिसतात. मौजे, परगणे, किल्ले, राजश्री हे शब्द कारकून एखाददुसऱ्या अक्षरावर आणि एखाद्या खुणेवर भागवत. अरबीत डॉक्टरसाठी नुसता ‘दाल’ आणि इंजिनिअरसाठी, म्हणजे ‘मुहंदिस’साठी, नुसता ‘मीम’ लिहून टिंब देतात. हिब्रूत वकिलाच्या दोन शब्दांतली अक्षरे घेऊन शेवटच्या अक्षराआधी अवतरणचिन्हासारखी खूण करतात. प्रत्येक लिपीने आपापल्या घडणीप्रमाणे वाट काढली.

मराठीत व्यवसायाचे संक्षेप येण्याच्या कितीतरी आधी मानाचे संक्षेप होते. जुन्या पत्राच्या सुरुवातीला जो ‘मायना’ असे, त्यात कोणाला काय लिहायचे हे काटेकोर ठरलेले होते. राजमान्य राजश्री, म्हणजे ‘रा. रा.’, हा सर्वसाधारण प्रतिष्ठिताचा मायना. विद्वान ब्राह्मणाला ‘वे. शा. सं.’, म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. वडीलधाऱ्यांना ‘ती.’, धाकट्यांना ‘चि.’, सवाष्णीला ‘सौ.’, विधवेला ‘गं. भा.’. मायन्यात चूक झाली तर पत्र घेणारा ती अपमान म्हणून लक्षात ठेवी.

या मायन्यांत विद्येची नोंद होती, पण ती परीक्षेच्या दाखल्याला बांधलेली नव्हती. पेशवाईत पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटली जाई, विद्वानांची पारख होई. ‘दशग्रंथी’ किंवा ‘घनपाठी’ म्हणवण्यासाठी प्रत्यक्ष पाठांतर सिद्ध करावे लागे. तरी ‘वे. शा. सं.’ लिहायचे की नाही हे शेवटी पत्र लिहिणारा ठरवत असे. जात, घराणे आणि लौकिक यांचा त्यात मोठा वाटा होता. ‘वे. मू.’, म्हणजे वेदमूर्ती, अजूनही लग्नपत्रिकांत आणि धार्मिक कार्यक्रमांच्या पत्रकांत जिवंत आहे, ‘रा. रा.’ मात्र विसाव्या शतकात ‘श्रीयुत’ आणि ‘श्री.’ यांच्यापुढे मागे सरला.

या जुन्या व्यवस्थेत पहिली फट पडली ती वैद्यकीतून. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. मुंबई विद्यापीठ तेव्हा अस्तित्वात नव्हते. कॉलेजने आपल्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांना स्वतःचीच अक्षरे दिली : जी. जी. एम. सी., म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत रामकृष्ण विठ्ठल लाड होते, मुंबईच्या इतिहासात डॉ. भाऊ दाजी लाड म्हणून ओळखले जाणारे. कुष्ठरोगावरच्या औषधाचा शोध, शिलालेखांचे वाचन, नाणी आणि हस्तलिखिते यांचा संग्रह, मुलींच्या शाळांना मदत असा त्यांच्या कामाचा पसारा. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती. तरीही लोकांनी त्यांना डॉक्टर म्हटले, कारण ते रोगी तपासत. मराठीतला ‘डॉ.’ आरंभापासूनच पदवीपेक्षा पेशाला चिकटला, तो असा.

विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८६२ मध्ये चार जण बी. ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे बदलली. ग्रंथकाराच्या नावाआधी ‘रा. रा.’ आणि नावानंतर ‘बी. ए., एलएल. बी.’ अशी दोन युगांची अक्षरे एकाच ओळीत छापली जाऊ लागली. पुढची अक्षरे कुळाची आणि लौकिकाची, मागची परीक्षेची. वैद्यकीला विद्यापीठाची एल. एम. आणि मग एल. एम. अँड एस. मिळाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून स्थापत्यशास्त्राची एल. सी. ई. मिळू लागली, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये तीच मिळवून पुढे मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला या अक्षरांसाठी कोणाच्या मर्जीकडे पाहावे लागत नव्हते, आणि हा बदल फार मोठा होता.

तो किती मोठा होता हे आनंदीबाई जोशींच्या नावावरून कळते. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये त्यांनी एम. डी. मिळवली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, दवाखाना उघडण्याआधीच, त्यांचे पुण्यात निधन झाले. मराठीने मात्र त्यांच्या नावाआधीचा ‘डॉ.’ कधी काढला नाही. तोवर बाईच्या नावाआधी ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ एवढेच येत असे. म्हणजे नवरा आहे की नाही, याची नोंद. ‘डॉ.’ने पहिल्यांदा बाईची नोंद तिच्या स्वतःच्या कामावरून केली. स्पॅनिशमध्ये स्त्री डॉक्टरसाठी ‘दोक्तोरा’चा वेगळा संक्षेप आहे, इटालियनमध्ये ‘दोत्तोरेस्सा’चा. मराठी ‘डॉ.’ला लिंग नाही. बोलण्यात मात्र डॉक्टरीणबाई आल्या, वकिलीणबाई आल्या, आणि त्या स्वतः डॉक्टर-वकील की डॉक्टर-वकिलाच्या पत्नी हे संदर्भानेच समजून घ्यावे लागे. जर्मनीतही ‘फ्राउ डॉक्टर’ हे संबोधन बराच काळ डॉक्टरच्या बायकोलाही लावत.

डॉक्टरांच्या अक्षरांना कायद्याचे कुंपण १९१६ मध्ये घातले गेले. इंडियन मेडिकल डिग्रीज ॲक्टने पाश्चात्त्य वैद्यकातल्या पदव्या कोणी द्यायच्या हे ठरवले आणि खोटी अक्षरे लावणाऱ्याला शिक्षेची तरतूद केली. त्याआधी, १९१२ मध्ये, मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला होता. त्याच सुमारास स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल. सी. पी. एस. ही अक्षरे पुढे महाराष्ट्रातल्या लहान गावांच्या दवाखान्यांवर घरोघरच्या ओळखीची झाली. वैद्यांना नोंदणी मिळाली ती १९३८ च्या कायद्याने. त्यांनी ‘वैद्य’ हा अख्खा शब्द नावाआधी ठेवला. दोनच अक्षरी शब्दाला आखडायची गरजही नव्हती.

इंग्लंडमध्ये याच अक्षरांची गोष्ट उलट्या दिशेने गेली आहे. तिथे शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवून घेत नाही, ‘मिस्टर’ म्हणवतो; स्त्री असेल तर ‘मिस’, ‘मिसेस’ किंवा ‘मिझ’. औषधे देणारा फिजिशियन विद्यापीठात शिकलेला असे, तर चिरफाड करणारा उमेदवारी करून हाताने शिकलेला. १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा एकच संघ करण्यात आला होता. १७४५ मध्ये ते वेगळे झाले, १८०० मध्ये लंडनच्या सर्जनांना रॉयल कॉलेज मिळाले. पुढे सर्जनही आधी विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊ लागले, पण जुना ‘मिस्टर’ त्यांनी अभिमानाने जपला. वैद्यकीय पदवी घेऊन ‘डॉक्टर’ व्हायचे आणि शस्त्रक्रियेची परीक्षा देऊन पुन्हा ‘मिस्टर’ व्हायचे, हा तिथला क्रम आहे. भारतात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण बहुतांशी इंग्रजांनीच आणले, पण हा भेद रुजला नाही.

वकिलीच्या अक्षरांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. पेशवाईत ‘वकील’ म्हणजे परक्या दरबारात धन्याची बाजू सांभाळणारा प्रतिनिधी. दिल्लीतले हिंगणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. इंग्रजी कोर्टे आली तसा हा शब्द पक्षकाराची बाजू मांडणाऱ्याकडे सरकला. १८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झाले तेव्हा त्याच्या आवारात वेगवेगळे वर्ग होते : विलायतेहून आलेले बॅरिस्टर, सॉलिसिटर, हायकोर्ट वकील, आणि जिल्ह्याच्या कोर्टांत प्लीडर, मुखत्यार. कोणी कोणत्या कोर्टात उभे राहायचे याच्या सीमा आखलेल्या होत्या, आणि हायकोर्टाच्या मूळ शाखेत दीर्घकाळ बॅरिस्टरांचे वर्चस्व होते. म्हणून नावाआधी ‘बॅ.’ लागणे म्हणजे लंडनच्या चार इन्सपैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थांपैकी, एकीत ठरलेली जेवणे आणि परीक्षा पुऱ्या करून, त्याचा खर्च सोसून आल्याची साक्ष होती.

या ‘बॅ.’ने राजकारण पाहिले. मोहनदास गांधी १८९१ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर १९२२ मध्ये त्यांचे नाव इनर टेंपलच्या यादीतून काढले गेले आणि १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, पुन्हा घातले गेले. विनायक दामोदर सावरकरांनी ग्रेज इनमध्ये अभ्यास पुरा केला, पण त्यांच्या राजकीय कामामुळे १९०९ मध्ये इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून घेण्याचे नाकारले. तरीही महाराष्ट्रात अनेक जण त्यांना बॅरिस्टर सावरकर म्हणत आले. त्या मंडळींच्या लेखी अभ्यास झाला होता, आणि सरकारच्या नाराजीने तो पुसला जात नव्हता.

१९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकिलांचे हे जुने वर्ग मोडीत काढले. सनद मिळालेला प्रत्येक जण ॲडव्होकेट झाला. मराठी वर्तमानपत्रांतल्या ‘ॲड.’ची खरी भरभराट तिथून झाली. आज जिल्हा बार असोसिएशनच्या निवडणुकीची बातमी वाचताना एका परिच्छेदात दहा ‘ॲड.’ सहज भेटतात. कायद्याच्या दृष्टीने ‘बॅ.’ला भारतात काही वेगळे मोल उरले नाही. तरी बॅ. नाथ पै कधी ॲड. नाथ पै झाले नाहीत. कोकणच्या या खासदाराचे १९७१ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाचा मुंबईतला रस्ता बॅरिस्टर नाथ पै मार्ग आहे आणि कुडाळची शिक्षणसंस्थाही बॅरिस्टर नाथ पैंचीच आहे. मतदारांच्या तोंडी ‘बॅरिस्टर’ हे त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसले होते.

अशी अक्षरे नावात मुरून जाण्याचे सर्वांत ठळक उदाहरण इंडोनेशियात सापडते. डच अमदानीत बांडुंगला १९२० मध्ये तंत्रशिक्षणाचे उच्च विद्यालय निघाले. तिथून सुकार्नो १९२६ मध्ये स्थापत्य अभियंता झाले आणि नावाआधी डच पद्धतीने ‘इंजेन्युअर’ची आय, आर ही दोन अक्षरे लावू लागले. मोहम्मद हत्ता रॉटरडॅमला अर्थशास्त्र शिकले आणि त्यांच्या नावाआधी डी, आर, एस आले. हा ‘डॉक्टरांडुस’, म्हणजे ज्याने अजून डॉक्टर व्हायचे आहे तो. नेदरलँड्समध्ये पदव्युत्तर शिक्षण पुरे केलेल्याची ही खूण होती. कायद्याच्या पदवीधराला डच ‘मेस्टर’ म्हणत आणि एम, आर लिहीत. त्यामुळे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यकाळातल्या कागदांत मोहम्मद यामिन यांच्या नावाआधीचे एम, आर पाहून इंग्रजी वाचणारा ‘मिस्टर’ समजतो आणि फसतो. ते कायद्याच्या पदवीचे लक्षण आहे.

१७ ऑगस्ट १९४५ च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्राखाली दोनच नावे आहेत : सुकार्नो, हत्ता. तिथे कोणतीही अक्षरे नाहीत. डच गेले. पण त्यांनी दिलेली अक्षरे पुढेही पदवीधरांच्या नावाआधी दिसत राहिली, आणि डॉक्टरांडुसला स्त्रीलिंगी जोडीदारही होता. जाकार्ता आणि बांडुंगमध्ये माजी पंतप्रधान जुआंदा यांच्या नावाचे रस्ते आहेत. पाटीवर नावाआधी अभियंत्याची दोन अक्षरे आणि हाजीचा एच एकापाठोपाठ आहेत. डच विद्यालयाची पदवी आणि मक्केची यात्रा एका ओळीत. इंडोनेशियनमध्ये आणखी एक बारकावा आहे, तो जगभर उचलण्यासारखा आहे. रोगी तपासणाऱ्या डॉक्टरचा डी लहान लिपीत आणि संशोधनाची डॉक्टरेट असलेल्याचा डी मोठ्या लिपीत लिहितात. तमिळने हाच प्रश्न शब्दाने सोडवला, पीएच. डी. झालेल्याला तिथे ‘मुनैवर’ म्हणतात. मराठीत दोघेही ‘डॉ.’, आणि रेल्वेच्या डब्यात कोणी आजारी पडले की साहित्याच्या डॉक्टरला ‘मी तो नव्हे’ म्हणावे लागते.

पोर्तुगीजांची रीत आणखी निराळी. त्यांच्याकडे साधा पदवीधरही संक्षेपाने ‘डॉ.’ होतो आणि खरी डॉक्टरेट असलेला ‘दोउतोर’ हा शब्द पुरता लिहितो. गोव्यात १८४२ पासून वैद्यकशाळा होती, तिथून वैद्य बाहेर पडत. पण पोर्तुगीज काळातल्या गोमंतकीय कागदांत नावाआधी हा संक्षेप दिसला म्हणून ती व्यक्ती वैद्यच होती असे धरता येत नाही. ती वकीलही असू शकते. इटलीत तर पदवीधर झालेल्या प्रत्येकाला ‘दोत्तोरे’ म्हणवण्याचा हक्क कायद्यानेच आहे, आणि त्याखेरीज वकील, अभियंता, वास्तुविशारद, भूमापक, हिशेबनीस अशा प्रत्येकाला स्वतंत्र संक्षेप. फियाटचे जानी आन्येल्ली कधी वकिली करत नव्हते, पण कायद्याचे पदवीधर होते. इटलीभर त्यांची ओळख ‘वकील’ अशीच होती, नाव न घेता.

जर्मनीत ही अक्षरे फौजदारी कायद्याच्या पहाऱ्यात आहेत. अनधिकाराने पदवी लावणाऱ्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टरेट ओळखपत्रावर नोंदवता येते. म्हणूनच २०११ मध्ये संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात उचलेगिरी सापडली, तेव्हा आधी पदवी गेली आणि मग मंत्रिपद. शिक्षणमंत्री आनेट शावान यांच्यावर २०१३ मध्ये तीच वेळ आली.

ऑस्ट्रियाची हकिकत मराठी ‘मे.’च्या अगदी जवळची आहे. १९१८ मध्ये हॅब्सबर्ग साम्राज्य कोसळले, १९१९ मध्ये प्रजासत्ताकाने सरदारकी कायद्याने रद्द केली आणि नावांतले ‘फॉन’ गेले. पण ‘होफराट’, म्हणजे दरबारी सल्लागार, ही उपाधी टिकली. दरबार संपून शंभर वर्षे उलटली तरी वरिष्ठ अधिकाऱ्यांना आणि गुणवंतांना ती अजून दिली जाते. शेजारच्या चेक देशात कायद्याच्या डॉक्टरची अक्षरे ‘दोन्ही कायद्यांचा डॉक्टर’ अशा लॅटिन शब्दांवरून आली आहेत. दोन्ही म्हणजे रोमन कायदा आणि चर्चचा कायदा. मध्ययुगातला हा जोड साम्यवादी राजवटीतूनही पार पडला. तुर्कस्तानात २६ नोव्हेंबर १९३४ च्या कायद्याने एफेंदी, बे, पाशा या उपाध्या बंद केल्या. विद्यापीठाची आणि वकिलीची अक्षरे राहिली.

भारतीय संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने असाच निवाडा केला. सैनिकी आणि विद्याविषयक मान सोडून राज्याने कोणताही किताब द्यायचा नाही. रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर यांची नवी पिढी तिथे थांबली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा सुरू केलेला महामहोपाध्याय हा किताबही सरकारी म्हणून संपला. पण धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे मराठीत ‘म. म.’ काणेच राहिले. १९४२ मध्ये मिळालेली ती दोन अक्षरे १९६३ च्या भारतरत्नानेही बाजूला झाली नाहीत, आणि ते नियमाला धरूनच होते : पद्म पुरस्कार आणि भारतरत्न हे किताब नव्हेत, ते नावाला जोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले.

ज्या अक्षरांमागे कायदाही नाही आणि विद्यापीठही नाही, अशीही काही मराठीत आहेत. संगीत नाटकांच्या काळात लहान वयात रंगभूमीवर आलेल्या गायक-नटांना ‘मास्टर’ म्हणत, आणि जाहिरातींत ‘मा.’ छापत. मा. दीनानाथ, मा. कृष्णराव, पुढे चित्रपटांत मा. विनायक, मा. भगवान. मुले मोठी झाली, स्वतःच्या मंडळ्यांचे मालक झाली, तरी ‘मा.’ सुटला नाही. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘मा.’ म्हणजे माननीय. त्यामुळे नव्या वाचकाला जुन्या हँडबिलावरचे मा. दीनानाथ सरकारी पाहुणे वाटण्याचा संभव आहे. ‘ह. भ. प.’ मात्र मुळीच हलले नाहीत. हरिभक्तिपरायण ही वारकऱ्यांच्या कीर्तनकाराची ओळख कोणत्याही परीक्षा मंडळाने दिलेली नसते, तरी सप्ताहाच्या पत्रकावर ती चुकत नाही. आता ती इतकी रुळली आहे की सूत्रसंचालक पुरता शब्द न उच्चारता ‘हभप’ असेच म्हणतात.

प्राध्यापकांच्या अक्षरात घडलेला बदल बारीक आहे, पण बोलका. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी छापील मजकुरात ‘प्रो.’ असे. ‘प्राध्यापक’ हा शब्द रुळला तसा ‘प्रा.’ आला आणि त्याने ‘प्रो.’ला पुरते हटवले. हिंदीत ‘प्रो.’ अजून ठाम आहे. महाराष्ट्रात ‘प्रा.’ अकरावी-बारावीच्या शिक्षकांनाही लागतो आणि खासगी शिकवणीवर्गांच्या फलकांवरही असतो. त्याला कायद्याचे कुंपण नाही.

नावाआधी अक्षर असलेल्या एका नावासाठी मात्र महाराष्ट्राने सोळा वर्षे संघर्ष पाहिला. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, मोर्चे निघाले. १४ जानेवारी १९९४ ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ अशी पाटी लागली. त्यातल्या ‘डॉ.’ला शिष्टाचार म्हणणे अडाणीपणाचे आहे. कोलंबियाची पीएच. डी. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी. एस्‌सी. त्यांनी प्रबंध लिहून मिळवल्या होत्या. ग्रेज इनचे बॅरिस्टरपण वेगळे. शाळेत इतरांपासून दूर बसवल्या गेलेल्या मुलाच्या नावाआधी ते अक्षर उभे आहे. जुन्या मायन्यांच्या व्यवस्थेत त्या मुलासाठी मानाचे एकही अक्षर नव्हते. म्हणून आंबेडकरांच्या नावाची पाटी रंगवणारा रंगारी जागा कमी पडली तर अक्षरे बारीक करतो, पण ‘डॉ.’ गाळत नाही.

नवी अक्षरे येतच आहेत. निवडणुकीच्या फलकांवर ‘इंजि.’ आणि ‘सीए’ आता सर्रास दिसतात. ‘आर्किटेक्ट’ हा शब्द १९७२ च्या कायद्याने नोंदणीकृतांसाठी राखीव आहे. फिजिओथेरपिस्टांनी ‘डॉ.’ लावावे की नाही यावर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने मनाई करणारे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले.

या साऱ्यात जुनी अक्षरे जपण्याची जबाबदारी पुस्तके छापणाऱ्यांवर आणि ग्रंथालयांवर येते. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना लेखकाच्या नावाआधीचे ‘रा. रा.’ आणि नंतरचे ‘एल. सी. ई.’ सर्रास गाळतात. सूचीत तर नाव आणि आडनाव एवढेच उरते. मुखपृष्ठावर साल नसलेल्या एखाद्या वैद्यकीय पुस्तिकेवर ‘जी. जी. एम. सी.’ असेल, तर तिचा कर्ता ग्रँट मेडिकल कॉलेजच्या सुरुवातीच्या तुकड्यांतला आहे हे त्या चार अक्षरांवरून कळते, आणि पुस्तिका १८५१ नंतरची ठरते. ‘हायकोर्ट वकील’ असे छापलेले दिसले, तर लेखकाची सनद ॲडव्होकेट्स ॲक्टच्या आधीची. ‘ना. गोखले’ असा उल्लेख आला, तर तो मजकूर गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात जाऊन नामदार झाल्यानंतरचा. मुंबई-पुण्यातल्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांच्या हस्तलिखित नोंदवह्यांत ही अक्षरे अजून जशीच्या तशी आहेत, कारण त्या काळचे ग्रंथपाल मुखपृष्ठावरचे सगळे उतरवून घेत. संगणकावर नोंदी चढवताना त्यांच्यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवला, तर एवढे सगळे सहज वाचते.